भटकंती : कागद नसलेल्या माणसाचे डोंगर

मंडळी, इंडियाहून आई-वडील आले की आपल्या सगळ्यांच्या घरी पहिल्या पंधरा दिवसांचा कार्यक्रम जवळपास सारखाच असतो. एक दिवस टिटलिस, एक दिवस र्‍हाइनचा धबधबा, एक दिवस लुझर्नचा लाकडी पूल, आणि पाऊस लागलाच तर चॉकलेटचं दुकान. मग यश चोप्रांच्या सिनेमात दिसणारं हिरवं कुरण शोधून तिथं एक फोटो. तो फोटो गावी पोचला की आपलं कर्तव्य संपलं!

गेल्या उन्हाळ्यात बाबा आले तेव्हा मीही हाच बेत आखला होता. पण बाबांनी येतानाच एक चिठ्ठी आणली होती. चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलेली. त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात एकच ओळ होती : ‘सेगांतीनी, सेंट मॉरिट्झ’.

"हे बघायचं. बाकी तू नेशील तिथं येतो," ते म्हणाले.

बाबा कोल्हापूरचे. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना किती पोरं बसवली याची गणती त्यांना स्वतःलाच नाही. वर्गात फळ्यावर फुलदाणी, आणि रविवारी रंकाळ्यावर बोर्ड मांडून वॉटरकलर, असं त्यांचं आयुष्य गेलं. सेगांतीनीचं एक चित्र त्यांनी तरुणपणी कुठल्याशा जुन्या पुस्तकात पाहिलं होतं, तेही काळ्या-पांढर्‍या छपाईत. "रंग कसे असतील ते पन्नास वर्षं नुसतं मनात लावत बसलोय," असं म्हणाले. आता यापुढं टिटलिसची काय मात्रा चालणार?

मी इथं राहून तेरा वर्षं झाली आणि खरं सांगायचं तर मला या माणसाचं नावही ठाऊक नव्हतं. तुमच्यापैकी बर्‍याच जणांची तीच गत असेल, म्हणून आजचा हा लेख.

झुरिकहून कूरपर्यंत साधी गाडी आणि कूरला बदलून लाल रंगाची छोटी गाडी. घरातून निघताना दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमध्ये चहा घेतला होता. कूरनंतरचा रस्ता म्हणजे अल्बुला लाइन. 1903-04 साली बांधून पुरी झालेली आणि 2008 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत असलेली. फिलिसूरच्या अलीकडं लांडवासरचा पूल लागतो. 65 मीटर उंच, दगडी आणि चक्क वळणात बांधलेला. पूल संपतो तोच गाडी थेट कड्याच्या पोटात शिरते. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते. पुढं बेर्ग्युनपासून गाडी डोंगराच्या आत गोल-गोल फिरत चढते, त्यामुळं तेच गाव कधी डावीकडं दिसतं तर कधी उजवीकडं. "अगं, आपण परत चाललो काय?" बाबांनी दोनदा विचारलं. शेवटी अल्बुलाचा बोगदा येतो. जुन्या बोगद्याशेजारी नवा खणलाय, तो 2024 साली सुरू झाला. बोगद्यातून बाहेर पडलं की उजेड बदलतो. एंगाडीनचं खोरं समुद्रसपाटीपासून सुमारे 1,800 मीटरवर आहे. तिथली हवा इतकी कोरडी की लांबचा डोंगर हात लावण्याइतका जवळ वाटतो.

बाबा लगेच म्हणाले, "इथं धूसर नाही काही. आपल्याकडं लांबचं निळसर करून टाकलं की भागतं. इथं काय करत असेल हा माणूस?"

स्टेशनबाहेरच तळं आहे. आम्ही तळ्याच्या काठाकाठानं सावकाश चालत गेलो आणि मग थोडा चढ चढलो. संग्रहालय वरच्या अंगाला आहे. ओबडधोबड दगडांची, वर घुमट असलेली एक इमारत. मला पहिल्यांदा वाटलं, एखादी समाधीच आहे. 1908 साली, म्हणजे चित्रकार गेल्यावर नऊ वर्षांनी, निकोलाऊस हार्टमान या वास्तुशिल्प्यानं ती बांधली. घुमट कुठून आला त्याचीही गोष्ट आहे. 1900 सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी सेगांतीनीला एंगाडीनचा अख्खा देखावा एका गोल मंडपात उभा करायचा होता. इथले हॉटेलवाले पैसे घालणार होते. खर्चाचा आकडा फुगला तसे ते मागं सरले. मग त्यानं तो बेत आवरून तीन मोठ्या चित्रांवर आणला. मंडप कधी झालाच नाही, पण त्याची आठवण या घुमटात राहिली.

आत शिरल्यावर बाबांनी मला बजावलं : "पाट्या तू वाच. मी आधी नुसतं बघणार." म्हणून मी पाट्या वाचत सुटले आणि तिथंच अडकले.

जोव्हान्नी सेगांतीनी 1858 साली आर्को या गावी जन्मला. गार्डा तळ्याच्या उत्तर टोकाजवळचं हे गाव आज इटलीत आहे, पण तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या राज्यात होतं. सात वर्षांचा असताना आई गेली. बापानं त्याला मिलानला सावत्र बहिणीकडं नेऊन सोडलं आणि पुढच्याच वर्षी बापही गेला. त्या बहिणीनं दोघांचं ऑस्ट्रियाचं नागरिकत्व सोडण्याचा अर्ज केला. तो मंजूर झाला. इटलीचं नागरिकत्व घ्यायचं मात्र राहूनच गेलं. झालं! पोरगा कुठल्याच देशाचा उरला नाही. पुढं रस्त्यावर भटकताना सापडला म्हणून त्याला सुधारगृहात टाकलं. तिथं जोडे शिवायला शिकवलं. नंतर मिलानच्या ब्रेरा अकादमीत तो चित्रकला शिकला. त्याचं मूळ आडनाव ‘सेगातीनी’. मधला ‘न’ त्यानं स्वतः घातला. (आपल्या आडनावांत इथल्या कचेर्‍या फुकटात किती अक्षरं घालतात ते आपण जाणतोच!)

कागद नसण्याचं दुखणं त्याला जन्मभर पुरलं. बीचे बुगात्ती या मुलीबरोबर त्यानं संसार केला, चार मुलं झाली, पण कागदच नाहीत म्हटल्यावर लग्न कायद्यानं लागेना. 1886 मध्ये हे कुटुंब स्वित्झर्लंडमधल्या साव्होनीन या डोंगराळ खेड्यात आलं आणि 1894 मध्ये तिथून मालोयाला. तोवर त्याची चित्रं युरोपभर गाजू लागली होती. चित्रं देशोदेशी फिरत होती, आणि चित्रकाराकडं पासपोर्ट नव्हता.

हे वाचताना माझ्या पोटात कालवाकालव झाली. का ते सांगते. आमच्या घरी टेलिफोनच्या टेबलाच्या खणात एक फॉर्म वर्षभर पडून होता. इथल्या नागरिकत्वाचा. 2018 च्या कायद्याप्रमाणं दहा वर्षांचा रहिवास आणि ‘सी’ परमिट लागतं. ते दोन्ही झालं होतं. जर्मनची परीक्षाही झाली होती. ह्यांनी आणि मुलांनी आपापल्या सह्या कधीच केल्या होत्या. माझीच सही राहिली होती. स्वित्झर्लंडला दोन पासपोर्ट चालतात, पण भारताला चालत नाहीत. म्हणजे निळं पुस्तक परत द्यायचं आणि ओ.सी.आय.चं कार्ड घ्यायचं. कितीजण घेतात, त्यात काय एवढं, हे मलाही कळतं. तुमच्यापैकी किती जणांनी त्या खणाशी रात्री घुटमळून पाहिलंय, तेही मला ठाऊक आहे. बाबांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सांगायला तोंड होत नव्हतं, एवढंच.

"अगं, इकडं ये!" बाबांची हाक आली. संग्रहालयात हळू बोलायचं असतं हे ते उत्साहात विसरले होते.

ते एका लहानशा चित्रासमोर उभे होते. संध्याकाळचं शांत तळं, त्यात एक होडी. होडीत दाटीवाटीनं मेंढ्या, वल्ही थांबवून बसलेला पुरुष आणि लेकराला कुशीत घेतलेली बाई. मागं सूर्य, आणि दूरच्या काठावर देऊळ. दिवेलागणीची वेळ. ‘आव्हे मारिया आ त्राझबोर्दो’. बाबांनी पुस्तकात पाहिलं होतं ते हेच.

"जवळ जा," बाबा म्हणाले. मी जवळ गेले. जवळून तळं नाहीसंच झालं. नुसते रंगाचे धागे. पिवळा, त्याला लागून जांभळा, मधे नारिंगी, एकही रंग दुसर्‍यात कालवलेला नाही. "आता पाच पावलं मागं." मागं आले आणि पाण्यावर उजेड हलायला लागला. "रंग पॅलेटवर मिसळायचेच नाहीत. शेजारी शेजारी ठेवायचे. मिसळायचं काम बघणार्‍याच्या डोळ्यांनी करायचं. असं केलं की उजेड मरत नाही," बाबा म्हणाले. इटलीतले चित्रकार या पद्धतीला ‘दिव्हिजनिझम’ म्हणत. वर्गात पोरांना सांगावं तसं त्यांनी मला सांगितलं. माझ्या आधी एका जपानी जोडप्याला खुणांनी सांगून झालं होतं. तेही पाच पावलं मागं जाऊन मान डोलवत होते!

पाटीवर आणखी एक गोष्ट होती. हे तळं इथलं नाहीच. ते मिलानच्या उत्तरेकडचं पुझियानोचं तळं. तिथं असताना त्यानं हा विषय 1882 मध्ये एकदा रंगवला होता. साव्होनीनच्या डोंगरात येऊन बिर्‍हाड थाटलं आणि 1886 मध्ये तेच तळं पुन्हा रंगवायला घेतलं, आणि ते या नव्या, धाग्यांच्या पद्धतीनं. नवी भाषा शिकला, आणि त्या भाषेत पहिली गोष्ट सांगितली ती मागं सोडून आलेल्या तळ्याची.

मी हे वाचून दाखवल्यावर बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आबालालसारखंच आहे की." आबालाल रहिमान हे कोल्हापूरचे मोठे चित्रकार. सेगांतीनीच्याच पिढीतले. जे. जे. स्कूलमध्ये शिकून परत कोल्हापूरला आले, शाहू महाराजांचा आश्रय मिळाला आणि जन्मभर रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा हेच रंगवत राहिले. महाराज 1922 मध्ये गेल्यावर त्यांनी आपली चित्रंच्या चित्रं कोटितीर्थाच्या तळ्यात सोडून दिली, असं कोल्हापुरात सांगतात. लहानपणी बाबा मला कोटितीर्थाच्या काठी न्यायचे आणि म्हणायचे, "या पाण्याखाली चित्रं आहेत." मी वाकून वाकून बघायची. एकाला गावाबाहेर जाण्याचं कारण पडलं नाही आणि दुसर्‍याला गावच नव्हतं. पण बाबांच्या लेखी दोघे एकाच वर्गातले विद्यार्थी होते. एक जागा धरायची आणि तिच्याकडं बघत राहायचं.

वरच्या मजल्यावर घुमटाखाली ती तीन मोठी चित्रं आहेत : ‘जीवन’, ‘निसर्ग’ आणि ‘मृत्यू’. उजेड वरून येतो. पहिल्या चित्रात सोल्यो गावाकडची संध्याकाळ आणि झाडाखाली लेकराला घेऊन बसलेली आई. मधलं चित्र सर्वांत मोठं, साधारण चार मीटर रुंद. त्यात दिवस मावळल्यावरचं आकाश आणि जनावरं घेऊन घरी निघालेली माणसं. तिसर्‍यात मालोयाचा बर्फ. एका घरातून प्रेत बाहेर काढतायत, दाराशी घोड्याची घसरगाडी उभी आहे आणि वर एक भलामोठा उजळ ढग. तिन्ही चित्रांत माणसं अगदी लहान आहेत, डोंगर मोठे. पण माणसं हरवलेली वाटत नाहीत. आपल्या कामात आहेत.

हा गृहस्थ एवढाले कॅनव्हास घेऊन प्रत्यक्ष जागेवर जाऊन रंगवायचा. थंडीत, बर्फात, लाकडी आडोसा करून. मधलं चित्र पुरं करायला 1899 च्या सप्टेंबरमध्ये तो शाफबेर्गच्या डोंगरावर, सुमारे 2,700 मीटर उंचीवर चढला. तिथं पोटाचं दुखणं उफाळलं. खाली आणण्यासारखी स्थिती नव्हती. 28 सप्टेंबरला वरच्या झोपडीतच तो गेला. वय अवघं 41. चित्रांवर शेवटचा हात फिरवायचा राहून गेला. मला माझे डोंगर बघायचेत, असं तो शेवटी म्हणाला असं सांगतात.

‘माझे’ डोंगर! मी तो शब्द वाचला आणि बाबांना मराठीत सांगताना माझा आवाज जरा हलला. ज्याच्याकडं या देशाचा चिठोराही नव्हता तो म्हणतो, माझे. आणि कुणाची छाती आहे नाही म्हणायची? तेरा वर्षं झाली, मी रोज गाडीतून तेच डोंगर बघते, पण ‘काय छान दिसतात यांचे डोंगर’ असंच मनात येतं. यांचे.

शिल्पही आहे इथं. लेओनार्दो बिस्तोल्फी या शिल्पकारानं सेगांतीनीच्या स्मारकासाठी केलेलं. संगमरवराच्या खडकातून एक स्त्री बाहेर येते आहे, अर्धी अजून दगडातच. बाबांनी तिच्याभोवती दोन फेर्‍या मारल्या. म्हणाले, "डोंगर आहे तो. बाई नंतर."

एक गंमत सांगायची राहिली. सेगांतीनीच्या बर्‍याच चित्रांत एकच मुलगी दिसते. ती त्यांच्या मुलांना सांभाळणारी साव्होनीनची बार्बारा उफर. घरात तिला सगळे म्हणत ‘बाबा’! मी वाचून दाखवलं तेव्हा आमचे बाबा इतके हसले की पहारेकरी बाई येऊन बघून गेल्या.

खाली उतरून तळ्याकाठच्या बाकावर दशम्या सोडल्या. बाबांनी खिशातून पोस्टकार्डाएवढा कागद आणि रंगांची छोटी डबी काढली. थर्मासच्या झाकणात पाणी घेतलं. मला वाटलं, आता सांगावं. म्हणून मी सुरुवात केली, "बाबा, तो फॉर्म..."

"माहीत आहे," ते ब्रश न थांबवता म्हणाले. "नातवानं मागंच फोनवर सांगितलं. निघण्यापूर्वी वकिलाला विचारून आलो मी. पंचगंगेकडचं ते तीस गुंठे आहे ना, ते तुला वारसानं येतं. पासपोर्ट बदलला तरी येतं. शेतजमीन नवी विकत घेता येणार नाही एवढंच. तशी तू कुठं घेणार होतीस?"

मी गप्पच झाले. वर्षभर मी ज्या प्रश्नाला भावनेचा प्रश्न म्हणून उशाशी घेऊन झोपत होते, त्याची सातबार्‍यापर्यंत चौकशी हा माणूस करून आला होता, आणि मला एका शब्दानं बोलला नव्हता.

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. पहिल्यांदा वाटलंच." त्यांनी ब्रश धुतला. "पण आता हा माणूस बघितलास ना? कागद नाही म्हणून बायकोशी लग्न लागलं नाही याचं. कागद हवा माणसाला. कागद वेगळा आणि डोंगर वेगळा."

मंडळी, मला वाटतं आपण परदेशातली माणसं या दोन गोष्टींची नेहमी गल्लत करतो. काही जणांना वाटतं, पासपोर्ट बदलला की गाव सुटलं. काही जणांना वाटतं, पासपोर्ट मिळाला की हा देश आपला झाला. सेगांतीनीचं आयुष्य बघितलं की दोन्ही खरं नाही हे कळतं. कागद नसल्यानं त्याची फरपट झाली, त्यात काव्य वगैरे काही नव्हतं. आणि डोंगर त्याचे झाले ते कुणी शिक्का मारला म्हणून नाही. बर्फात उभं राहून वर्षानुवर्षं बघितले म्हणून झाले. पुझियानोचं तळंही त्यानं टाकलं नव्हतं. ते बरोबर घेऊनच तो डोंगरात आला होता.

जाणार असाल तर दोन सूचना. ऋतूंच्या मधल्या काळात, म्हणजे वसंतात आणि हिवाळ्यापूर्वी काही आठवडे, संग्रहालय बंद असतं. म्हणून आधी चौकशी करून निघा. झुरिकहून एका दिवसात जाऊन येता येतं, पण वेळ असेल तर पुढं बसनं मालोयाला जा. तिथल्या साध्याशा दफनभूमीत त्याची समाधी आहे आणि चित्रांतले डोंगर समोर उभे आहेत. मुलांना नेलंत तर त्यांना पाच पावलं पुढं, पाच पावलं मागं हा खेळ जरूर करायला लावा.

माझी सही झाली. बाबा परत गेल्यावर पंधरा दिवसांनी फॉर्म पोस्टात टाकला. आता नगरपालिकेकडून मुलाखतीचं बोलावणं यायचंय. तिथं गावाबद्दल काय काय विचारतात ते तुमच्यापैकी ज्यांची झाली आहे त्यांनी कळवावं, म्हणजे अभ्यासाला बरं!

बाबांनी त्या दिवशी काढलेलं चित्र आमच्या टेलिफोनच्या टेबलावर उभं केलंय. खाली त्यांनी ‘सेंट मॉरिट्झ’ असं लिहिलंय, तारीख घातलीय. पण पलीकडचे डोंगर त्यांनी निळसर, धूसर केलेत. मी म्हटलं, "बाबा, इथं धूसर नसतं असं तुम्हीच म्हणालात ना? हा तर रंकाळा झाला."

बाबा चष्मा पुसत म्हणाले, "हाताला सवय आहे गं. पुढच्या वेळी जमेल."

म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात परत सेंट मॉरिट्झ. टिटलिस यंदाही राहिलंच!